बारावीनंतरच्या प्रवेशाची तयारी अकरावीतच

बारावीचा निकाल हाती आल्यावर कागदपत्रांची धावाधाव सुरू केली, तर चांगले गुण मिळूनही जागा हातची जाऊ शकते. म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील पालकांनी मूल अकरावीत असतानाच या कामाला लागावे.

सर्वांत जास्त वेळ घेणारे काम जात वैधता प्रमाणपत्राचे, म्हणजे जातीचा दाखला पडताळून खरा ठरल्याच्या प्रमाणपत्राचे आहे. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्याने कनिष्ठ महाविद्यालयाकडून पत्र घेऊन ऑनलाइन अर्ज भरावा. अर्जासोबत वडील, आजोबा, चुलते यांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि वंशावळीचे शपथपत्र जोडावे. पुरावा अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा असल्यास बाजू भक्कम होते. नंदुरबारमधील धडगाव, अक्कलकुव्याकडच्या अनेक कुटुंबांत आजोबा शाळेतच गेलेले नसतात. तेथे तहसील कार्यालयातील जन्ममृत्यूची जुनी नोंद, म्हणजेच गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाचा उतारा, शोधून काढावा. सख्ख्या काकांना किंवा चुलत भावाला आधीच वैधता मिळालेली असेल, तर त्याची प्रत अवश्य लावावी. नावाच्या अक्षरांतला फरकही अडचणीचा ठरतो, त्यामुळे तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले सेतू केंद्रातून काढता येतात. नॉन-क्रीमीलेयरची, म्हणजे कुटुंब मागासवर्गातील उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची, मुदत मात्र प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, हे तपासावे.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी यांसाठी राज्याची सीईटी आणि वैद्यकीयसाठी नीट द्यावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु बीबीए आणि बीसीएसाठीही २०२४ पासून सीईटी आहे, हे अनेकांच्या ध्यानात अर्जाची मुदत संपल्यावर येते. बीए, बीकॉम, बीएस्सीचे प्रवेश महाविद्यालयांच्या पातळीवर होतात. त्यासाठी पुण्याचाच हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९० मध्ये स्थापन झालेले आपले कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, तसेच जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही महाविद्यालये घराजवळच आहेत, आणि वाचलेला खोलीभाड्याचा पैसा पुढच्या शिक्षणाला उपयोगी पडतो.

केंद्रीय प्रवेश फेरीत पसंतीक्रम मनापासून ठरवावा. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप निश्चित होत होती; तेव्हा नको असलेले महाविद्यालय केवळ सुरक्षित वाटते म्हणून वर लिहू नये.

शुल्काच्या भीतीने मुलीचा अर्ज थांबवू नये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून पूर्ण सवलत आहे. आदिवासी विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर त्याने बाहेर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी मदत देणाऱ्या स्वयम् योजनेचा अर्ज करावा. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते, त्यामुळे बँकेतील ती जोडणी प्रवेशाआधीच करून घ्यावी.