बेलापूरची बोट भूमध्य समुद्रात न्यायची असेल तर

निवृत्तीनंतर बोट ग्रीस-इटलीकडच्या मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या बंदरात नेऊन तिच्यातच राहायचं, असं म्हणणारे नवी मुंबईत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चालवत नेता येईल ना?"

नाही. मुंबईहून सुएझ जवळपास ३,००० सागरी मैल. चाळीस फुटी मोटरबोटीची टाकी काहीशे मैलांत कोरडी पडते. शिवाय वाटेत एडनचं आखात आणि तांबडा समुद्र. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनीही केप ऑफ गुड होपचा वळसा पत्करला. तेव्हा बोट न्हावा शेव्याहून जहाजावर चढवायची. पण क्रेन ठरवण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा.

१. दिवसांचा हिशेब

युरोपीय संघाबाहेर नोंदलेली बोट संघाबाहेरच राहणाऱ्या माणसाने नेली, तर ती व्हॅट न भरता १८ महिने तिथे ठेवता येते. याला 'टेम्पररी ॲडमिशन' म्हणतात. तुम्हाला मात्र शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक, पर्यटक व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. म्हणजे बोटीला दीड वर्ष आणि मालकाला तीन महिने. पूर्वी लोक मधले दिवस क्रोएशियात काढायचे. १ जानेवारी २०२३ पासून तोही शेंगेनमध्ये आला.

मग कोणीतरी सुचवतं, स्पेन किंवा ग्रीसचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढा. पाय घसरतो तो इथेच. तुम्ही तिथले रहिवासी झालात की 'बाहेरच्या माणसाची बोट' ही सवलत तुमची राहत नाही. मग व्हॅट लागतो: माल्टात १८ टक्के, ग्रीसमध्ये २४, क्रोएशियात २५. त्यावर सीई मानांकन, म्हणजे बोट युरोपीय सुरक्षा-नियमांनुसार असल्याची खूण मागतात, आणि इथल्या यार्डात बांधून घेतलेल्या बोटीला ते सहसा नसतंच.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला रहिवासी होण्याच्या भानगडीत पडू नका. थोडे दिवस ग्रीस, थोडे तुर्की, उरलेले घरी. तुर्की युरोपीय संघातही नाही आणि शेंगेनमध्येही नाही. तिथले दिवस तुमच्या ९० मध्ये धरत नाहीत, आणि बोट तिकडे जाऊन परत आली की तिचे १८ महिने नव्याने सुरू होतात. व्हिसा अर्थात वेगळा काढायचा. ग्रीसच्या कोस बेटाहून तुर्कीच्या बोद्रुमला काही तासांत पोचता येतं. फक्त जाण्या-येण्याचे शिक्के असलेले कागद जिवापाड जपा.

२. बोटीचे कागद

खाडीत फिरवायचं अंतर्देशीय प्रमाणपत्र तिकडे पुरत नाही. समुद्रात जाणारी बोट म्हणून मुंबईच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडे (जहाजांची नोंदणी पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) चौकशी सुरू करा, आणि ती सगळ्यात आधी. तृतीयपक्ष विमा, मालकीचा पुरावा, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, व्हीएचएफ रेडिओचा परवाना या चार गोष्टी बहुतेक ठिकाणी मागतात. विम्यात भूमध्य समुद्राचं नाव लिहिलेलं आहे ना, तेवढं वाचून घ्या.

३. चढवणं

कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर, म्हणजे बारा फूट रुंद बोट आत जायची नाही. तिला क्रेडलवर, म्हणजे आधाराच्या चौकटीवर, बसवून फ्लॅट रॅकवर (बाजूच्या भिंती नसलेल्या उघड्या कंटेनरवर) नाहीतर जहाजाच्या डेकवर न्यावं लागतं. आमची बोट क्रेनने उचलली तेव्हा बुडाला कालवांचा जाड थर होता, आणि सी-स्ट्रेनर, म्हणजे इंजिनाकडे जाणारं समुद्राचं पाणी गाळणारी जाळी, उघडला तर आत ठाणे खाडीचा काळा चिखल, भिजलेल्या तपकिरीसारखा. तेव्हा बूड खरवडून घ्या आणि इंजिनातून भरपूर गोडं पाणी फिरवा. डिझेल रिकामं करा, बॅटऱ्या सोडवा. गॅस सिलिंडर घरीच ठेवा.

शिपिंग बिलावर (निर्यातीच्या कस्टम्स कागदावर) सीएचएकडून, म्हणजे कस्टम्स एजंटकडून, इंजिनाचे आणि हलचे (बोटीच्या सांगाड्याचे) नंबर नोंदवून घ्या, फोटोही जोडा. उद्या परत आणायची वेळ आली तर ही तीच बोट आहे हे कस्टम्सला पटवायचं असतं. आमच्या वेळी इंजिन नंबरातला एक आकडा चुकला आणि तो दुरुस्त होईपर्यंत बोट यार्डात उभी राहिली. ग्रीसच्या पिरेयस बंदरात उतरवणार असाल तर बोटीच्या आधी तुम्ही तिथे पोचा.

४. मरीना

भाडं एकूण लांबीवर लागतं, मागचा पोहण्याचा प्लॅटफॉर्म आणि पुढे आलेला नांगरही धरून. हिवाळ्याचा करार उन्हाळ्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, पण बोटीत राहायची परवानगी सगळीकडे नसते, ती आधी विचारा. सिसिलीचं मरीना दि रागुसा आणि तुर्कीचं फिनिके हिवाळ्यात बोटीत राहणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

आपल्याकडे भरती-ओहोटीत चार-चार मीटरचा फरक. तिकडे बहुतेक ठिकाणी तो अर्धा मीटरही नसतो. म्हणून बोट मागच्या बाजूने धक्क्याला लावतात आणि फळीवरून उतरतात. रिव्हर्समध्ये अरुंद जागेत शिरायचा सराव इथेच करून जा. तिथे शेजारच्या बोटीवरून सगळे बघत असतात.

वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. घरचा मिक्सर चालतो. धक्क्यावरच्या विजेच्या खांबावर बहुधा निळी गोल १६ अँपिअरची जोडणी असते, तिची केबल तिथेच घ्या. मात्र हीटर आणि इंडक्शन एकदम लावलं की खांबावरचं बटण पडतं, आणि मग जानेवारीतल्या रात्री स्वेटर चढवून, फळीवरून उतरून ते वर करायला कोणीतरी जावं लागतं.