कोकणातल्या छोट्या गॅरेजमध्ये हत्यारे कशी लावावीत

रत्नागिरीकडच्या घरांना जोडून असलेले गॅरेज बहुधा दहा बाय सोळा फुटांचे असते. त्यात एक लहान मोटार, स्कूटर आणि तीन पिढ्यांची हत्यारे कोंबलेली असतात. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्यामुळे, सामानाची मांडणी करताना जागेच्या टंचाईइतकाच गंजाचाही विचार करावा लागतो. एप्रिलच्या अखेरीस, हवा कोरडी असताना हे काम काढावे.

सर्व सामान अंगणात काढून ज्याला महिन्यातून एकदा तरी हात लागतो ते एका बाजूला ठेवावे. पक्कड, पेचकस, हातोडी, फिक्स पाने, टेस्टर, मोजपट्टी आणि कोयता एवढ्यावरच बहुतेकांची यादी संपते. गंजून अडकलेला पाइप पाना टाकून देण्यापूर्वी दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून पाहावा. जुने लोखंड बरेचदा नव्यापेक्षा सरस निघते.

त्यानंतर मोटार आत उभी करून तिचे दोन्ही दरवाजे पूर्ण उघडावेत आणि ते कुठवर येतात याच्या खडूने भिंतीवर खुणा कराव्यात. त्या खुणांपलीकडे जी जागा उरेल तीच आपली. ती प्रामुख्याने मोटारीच्या पुढच्या भिंतीवर आणि डोक्याच्या वर असते.

खरी अडचण भिंतीची आहे. विटेच्या भिंतीत आठ मिलिमीटरचे भोक पाडून प्लास्टिकचा प्लग ठोकला आणि दोन इंची स्क्रू पिळला की काम भागते. भोक मात्र सांध्यात न पाडता विटेतच पाडावे. जांभ्याचा दगड सच्छिद्र आणि ठिसूळ असल्याने त्यात प्लग फिरू लागतो. मी पहिल्या खेपेस हा मुद्दा सोडून दिला आणि आठवड्याभरात ड्रिल मशीनसकट फळी स्कूटरच्या सीटवर आली. तेव्हापासून मी जांभ्यात छिन्नीने तीन इंच खोल खळगा करतो, त्यात मागे रुंद व पुढे निमुळता असा फणसाच्या लाकडाचा ठोकळा सिमेंटने बसवतो आणि चार-पाच दिवस पाणी मारून मगच त्याला स्क्रू लावतो. जड सामान असेल तर भिंतीच्या भरवशावर न राहता स्लॉटेड अँगलचा रॅक जमिनीवर उभा करावा.

या ठोकळ्यांवर आधी एक इंच जाडीच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांवर बारा मिलिमीटरचा प्लायवूड बसवावा, म्हणजे मागून हवा खेळते आणि भिंतीची ओल थेट लोखंडाला लागत नाही. फळीवर प्रत्येक हत्यार हुकाला अडकवून त्याची आकृती रंगाने काढावी. शेजाऱ्यांनी नेलेली पक्कड अजून परत आलेली नाही, हे त्या रिकाम्या आकृतीमुळे रोज दिसते आणि मागायला संकोचही कमी वाटतो.

खिळे, स्क्रू आणि वायसर यांच्यासाठी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या उत्तम. त्यांची पत्र्याची झाकणे फळीच्या खालच्या अंगाला दोन-दोन स्क्रूंनी पक्की करावीत. एकच स्क्रू लावला तर बरणी फिरवताना झाकणही तिच्याबरोबर फिरते. बरणी वर पिळून बसवली की आतला माल तळहाताएवढ्या जागेत राहतो आणि बाहेरून दिसतोही.

फावडे, कुदळ, पहार ही जमिनीपासून सहा इंच वर आडव्या खुंट्यांवर ठेवावीत. शिडी छताच्या वाशांना आडवी टांगावी. थिनर आणि पेट्रोल इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ कधीही ठेवू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. फोडलेली सिमेंटची गोणी पावसाळ्यापूर्वीच संपवावी, अन्यथा गणपतीपर्यंत तिचा दगड होतो.

मृग नक्षत्र लागण्याआधी पटाशी, करवत आणि रंध्याच्या पात्याला मशीन ऑइलचा पातळ हात द्यावा. वर्तमानपत्रात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये. कागद ओल धरतो आणि पिशवीत आतून दव साचते. झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. नारिंगी दाणे हिरवट दिसू लागले की ते ओलावा पिऊन भरलेले असतात; ते बाहेर काढून मंद आचेवर सुकवावेत आणि पुन्हा नारिंगी झाले की थंड होताच पेटीत परत ठेवावेत.