प्रवाळ बेटांमध्ये मित्रांसोबत शिडाची बोट नेताना

सफर ठरली की मित्र विचारतात, विमानाचं तिकीट कुठलं आणि कधीचं काढू? त्यांना एक तर तारीख सांगा, नाही तर ठिकाण. दोन्ही पक्कं केलंत, तर कुणाचं तरी विमान गाठायचं म्हणून खराब हवेत नांगर उचलायची पाळी येते. शेवटचे दोन-तीन दिवस विमानतळाच्या बेटाजवळच मोकळे ठेवा.

त्यानंतर सगळं वेळापत्रक सूर्यावर बांधा. प्रवाळाभोवतीचं पाणी डोळ्यांनी वाचावं लागतं. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे साधारण तीन-पाच मीटर आणि तळाला वाळू, फिकट पांढुरकं म्हणजे अगदी उथळ, तपकिरी म्हणजे वर आलेलं प्रवाळ. हे रंग ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असेल तरच दिसतात. समोरून ऊन आलं की पाणी नुसतं चमकतं. त्यामुळे बेटाच्या पूर्वेकडच्या खिंडीतून (प्रवाळकड्यातली बोट आत नेण्याची मोकळी वाट) सकाळी दहानंतर आत शिरा, पश्चिमेकडच्या खिंडीतून दुपारी बारा ते तीनमध्ये. एकाला पोलराइज्ड (पाण्यावरची चमक कापणारा) चष्मा घालून पुढे, जमेल तितक्या उंचीवर उभं करा आणि हाताच्या खुणा आधी ठरवून ठेवा, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही. ढगाची सावलीही खडकासारखी दिसते, पण ती सरकते. आभाळ भरून आलं असेल तर बाहेरच थांबा. जीपीएस असतानाही हा खटाटोप हवाच: काही बेटांचे नकाशे जुन्या मोजणीवरचे आहेत आणि त्यात बेटाची जागाच शेकडो मीटर चुकलेली असू शकते.

आता हिशेब. बाराएक मीटरच्या बोटीचा सरासरी वेग पाच नॉट, म्हणजे तासाला पाच सागरी मैल, धरा. 35 सागरी मैलांना सात तास लागतात. सकाळी साडेसहाला निघून दीडला पोचता, उत्तम. 90 मैलांना अठरा तास. संध्याकाळी पाचला उजेडात बाहेर पडा, दुसऱ्या दिवशी अकराला पोचाल. फसवतं ते 55 मैलांचं अंतर. पहाटे निघालात तर उन्हं कलताना पोचता, संध्याकाळी निघालात तर पहाटे चारला. अशा वेळी संध्याकाळीच निघा आणि शीड कमी करून वेग साडेतीन नॉटवर आणा. उष्ण कटिबंधात सूर्य बुडाला की पंचवीसेक मिनिटांत काळोख होतो. "अजून थोडा उजेड आहे" यावर विसंबू नका. रात्रीच्या प्रवासात अंधार पडायच्या आधीच शीड आखडून घ्या, कारण वादळी सर येते तेव्हा पंधरा नॉटचा वारा काही मिनिटांत तीस-पस्तीसवर जातो.

लगूनच्या (प्रवाळकड्याच्या आतलं उथळ पाणी) खिंडीत भरती-ओहोटीच्या तक्त्यावर पूर्ण भरवसा नको. लाटा प्रवाळकड्यावरून आत पाणी ओतत असतात, म्हणून भरती चालू असतानाही खिंडीतून ओघ बाहेर येत राहू शकतो. त्यावर समोरून वारा आला की खिंडीच्या तोंडाशी उभ्या लाटा उठतात. त्या दिसल्या तर थांबा.

नांगर वाळूतच टाका. प्रवाळावर टाकला तर प्रवाळ मोडतं आणि साखळीही अडकते. साखळी किती सोडायची? पाण्याची खोली, चढणारी भरती आणि पाण्यापासून बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) उंची यांची बेरीज करून पाचाने गुणा. पाच मीटर खोली, एक मीटर भरती, सव्वा मीटर उंची: 36 मीटर साखळी. बरेच जण उंची धरत नाहीत आणि रात्री नांगर ओढला जातो. साखळी सोडल्यावर इंजिन हळूहळू मागे चालवा, किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून बोट सरकत नाही ना बघा, मग मुखवटा लावून पाण्यात उतरा आणि नांगर रुतलाय का ते डोळ्यांनी पाहा. साखळीचा ताण विंडलासवर (नांगर ओढून घेणाऱ्या यंत्रावर) ठेवू नका. सहा-आठ मीटर नायलॉन दोर हुकाने साखळीला लावून नाळेच्या खुंटाला बांधा, धक्के तो झेलतो. वारा फिरला आणि साखळी प्रवाळाच्या ढिगाला गुंडाळली गेली, तर 36 मीटरची दहाच मीटर उरते. आसपास ढीग असतील तर साखळीला मध्ये फुगे बांधून ती तळापासून उचलून धरा.

पाणी: पिणं, स्वयंपाक आणि शेवटची विसळणी धरून माणशी रोज दहा लिटर. सहा जण, पाच दिवस म्हणजे 300. वर शंभर शिल्लक, त्यातलं चाळीस तरी वेगळ्या कॅनमध्ये, टाकीत खारं पाणी शिरलं तर हेच उरतं. डिझेलचा एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव.

मित्रांना मऊ पिशव्या आणायला सांगा, कडक सुटकेस ठेवायला जागा नसते. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडा, त्यांतून झुरळं येतात. बोट लागत असेल त्याने गोळी निघण्याच्या आदल्या रात्रीपासूनच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. प्रवाळातला मोठा शिकारी मासा, विशेषतः बॅराकुडा, खाऊ नका: त्यातलं सिग्वाटेराचं विष शिजवूनही जात नाही. आणि परदेशातून विमानाने आलेला मित्र बोटीने देश सोडणार असेल, तर त्याचं नाव खलाशांच्या यादीत घालून इमिग्रेशनमध्ये नोंदवा. नोंद राहिली तर जबाबदार कप्तान धरला जातो.