पत्र्यावर दगड ठेवून छप्पर थांबत नाही: हिवाळी वाऱ्यात या चुका टाळा

वारा पत्र्याचं छप्पर दाबून मोडण्यापेक्षा वर ओढून नेतो. ही ओढ सगळ्यात जास्त असते वळचणीला, आढ्याजवळ आणि कोपऱ्यांत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण २५ किलो भरतो, आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत जेमतेम ४ ते ५ किलो. कोपऱ्यातली ओढ तर या २५ किलोच्याही वर जाते.

म्हणून दगड, विटा, जुने टायर हा उपाय नव्हे. दगड जिथे ठेवला तिथेच दाबतो, बाजूचा पत्रा मोकळाच राहतो. पत्रा थरथरला की दगड सरकतो, घासून जस्ताचा थर जातो, तिथे गंज धरतो. आणि मोठ्या झोतात तो कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही.

खिळे आणि स्क्रू

गुळगुळीत खिळा थरथरीने हळूहळू वर येतो; ठोकून बसवला तरी त्याच भोकात पुन्हा सैल होतो. तिथे रबरी वॉशरचा, जरा जाड स्क्रू लावा किंवा जे-हुक (पट्टीला खालून अडकणारा J आकाराचा आकडा) घाला. नालीदार पत्र्यात स्क्रू उंचवट्यावर हवा, खोलगट भागात पाणी साचून गळतं. वॉशर कडेने किंचित फुगला की थांबा. आणखी आवळलं तर रबर चिरतं, पत्रा दबतो आणि गळती सुरू होते. मधल्या भागात दर तिसऱ्या उंचवट्याला स्क्रू चालतो. वळचणीला आणि आढ्याला दर दुसऱ्या, कोपऱ्यात प्रत्येक उंचवट्याला लावा. पत्रे एकावर एक चढवताना वरच्या पत्र्याची उघडी कड नेहमीच्या वाऱ्याकडे ठेवू नका, वारा तिथेच बोट घालतो.

पण पत्रा घट्ट बसला आणि खालची आडवी पट्टी वाशाला दोन खिळ्यांवर असली, तर पत्रा पट्टीसकट जातो. पत्रा पट्टीला, पट्टी वाशाला, वासा भिंतीला, अशी बांधणी सलग हवी. प्रत्येक सांध्याला लोखंडी पट्टी किंवा ४ मिलिमीटरची, जस्ताचा थर दिलेली लोखंडी तार पीळ देऊन आवळा. भिंतीत तार माथ्यापासून तीन-चार थर खाली अडकवा, नुसता वरचा थर वाशाबरोबर उचलला जातो.

दार उघडं ठेवणं

'खिडक्या उघड्या ठेवल्या की वारा पार निघून जातो' हा समज हट्टी आहे. वाऱ्याकडचं एक दार उघडलं की हवा आत कोंडते आणि छपराला खालून रेटते. वरून ओढ, खालून रेटा. झोत वाढला की सगळी दारं-खिडक्या बंद, वाऱ्याकडच्या दाराला आतून आडणा. बिजागऱ्यांचे स्क्रू त्याआधीच तपासा. लाकडात भोक मोठं झालं असेल तर गोंद लावलेली काडी ठोकून मग पुन्हा स्क्रू बसवा.

सगळ्या फटी बुजवणं

फटी शोधायला उदबत्ती चौकटीजवळून फिरवा. धूर वाकला तिथे गळती. पण शेगडी किंवा चूल पेटणाऱ्या खोलीत बाहेरची हवा यायला वाट ठेवलीच पाहिजे. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, डोकं दुखून गुंगी येते आणि झोपलेल्याला कळतही नाही. कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत नकोच, जनरेटर तर घराबाहेर, खिडकीपासून लांब.

धूर घरात उलटा येतो? धुराडं बहुधा बुटकं असतं. ते छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून किमान ९० सेंटिमीटर, आणि ३ मीटरच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा ६० सेंटिमीटर उंच हवं. तेवढं असूनही धूर परतत असेल तर काजळी पाहा, मग टोपी. राख गार दिसली तरी आत निखारे दिवसभरही टिकतात; झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा, वाऱ्यात उकिरड्यावर टाकू नका.

आडोसा आणि ताडपत्री

भक्कम भिंतीचा आडोसा फसवतो. वारा तिच्यावरून उडी मारून मागे भोवरे करतो. साधारण निम्मा वारा जाऊ देणारं जाळीदार कुंपण किंवा झाडांची रांग त्याहून चांगली. तिचा उपयोग उंचीच्या दहापट अंतरापर्यंत जाणवतो. वाळक्या फांद्या आधीच छाटा.

ताडपत्री नुसत्या डोळ्यांतून, म्हणजे कडेच्या भोकांतून, बांधली की डोळे फाटतात. कड लाकडी पट्टीवर दोनदा गुंडाळून पट्टी स्क्रूने बसवा आणि कुठेही झोळ राहू देऊ नका, कारण फडफडणारी ताडपत्री लवकर चिरते.

रिकामी प्लास्टिकची टाकी उडते. ५०० लिटरची भरलेली टाकी ५०० किलोची असते, ती भरूनच ठेवा. तार तुटून पडली तर ती जिवंत आहे असंच समजून किमान १० मीटर लांब राहा आणि वीज कंपनीला कळवा.