कुवेतची ऑफर आली? आधी पैशांचा माग काढा

गोव्यातल्या आमच्या डिचोलीत पोरगा आयटीआय किंवा बी.कॉम. झाला की घरात कधी ना कधी कुवेतचं नाव निघतंच. मग कुणीतरी संध्याकाळी ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे येतो, कारण तिथल्या कंत्राटदार कंपनीत बिलं आणि पगारपत्रकं सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, दिनार केवढ्याला?" तो शेवटी विचारा. आधी विचारा, मला पगार देणाऱ्याला पैसे कोण देतो?

हा माग तेलापाशीच जाऊन पोचतो. कुवेत सरकारच्या उत्पन्नात शंभरातले नव्वदच्या आसपास तेलाचे. बुरगानला तेल लागलं 1938 साली, पण मध्ये महायुद्ध आलं आणि पहिली बोट भरली 1946 मध्ये. त्याआधी देश जगायचा मोत्यांवर आणि गलबतांवर. ही गलबतं बसऱ्याचा खजूर हिंदुस्थानात आणायची आणि रिकामी झाली की मलबारचं लाकूड घेऊन परतायची. 1930 च्या दशकात जपानचे कल्चर मोती बाजारात आले, वर जागतिक मंदी, आणि मोत्यांचा धंदा बसला. एका मालावर सगळा संसार म्हणजे काय, हे खाणपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाल्याबरोबर टायरवाला आणि भाजीपाववालाही घरी बसला.

म्हणून कंपनीचं काम कोणाचं ते खोदून विचारा. तेल काढण्याच्या आणि देखभालीच्या कामावर असाल तर भाव पडला तरी पंप चालू राहतात. मंत्रालयाच्या रस्ते-इमारतींच्या कामावर असाल तर गोष्ट वेगळी. महिन्याचं बिल साइट इंजिनियरकडून कन्सल्टंटकडे जातं, तिथून मंत्रालयाच्या इंजिनियरकडे, मग हिशेब खात्यात. एका पानावर सही राहिली की अख्खी फाइल मागे. आणि त्यांचं आर्थिक वर्षही आपल्यासारखं 1 एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मार्चमध्ये बिलांची जी झुंबड उडते ती आपल्या पीडब्ल्यूडीच्या ठेकेदाराला विचारा! 2014 च्या मध्यापर्यंत पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव 2016 च्या जानेवारीत तिसाच्या खाली गेला. तेव्हा आमच्या पगाराची तारीख आधी आठवड्याने आणि मग महिन्याने सरकली.

"पण काका, देश तर गडगंज आहे." आहे ना. स्वातंत्र्य मिळालं 1961 मध्ये, त्याच्या आठ वर्षं आधीच, 1953 साली, त्यांनी तेलाचे पैसे गुंतवायला लंडनमध्ये मंडळ काढलं होतं. 1976 मध्ये भावी पिढ्यांसाठी वेगळा निधी केला आणि दरसाल उत्पन्नाचे दहा टक्के त्यात टाकायला लागले. इराकी कब्जात असताना आणि नंतर देश उभा करताना हीच शिल्लक उपयोगी पडली. मात्र तो पैसा रोजच्या खर्चाला सहजी काढता येत नाही. कर्ज काढायच्या कायद्याची मुदत 2017 मध्ये संपली, नवा कायदा व्हायला 2025 उजाडलं. त्यामुळे 2020 मध्ये भाव कोसळले तेव्हा चालू खात्यात खडखडाट झाला. देश श्रीमंत आणि ठेकेदाराचं बिल अडलेलं, असं एकाच वेळी होऊ शकतं. अर्थसंकल्पाची बातमी आली की दोन आकडे शोधा: सरकारने तेलाचा धरलेला भाव, आणि खर्च भागायला लागणारा भाव. दोन्हींत अंतर मोठं असेल तर मंत्रालयाच्या कामावरची ऑफर सावधपणे घ्या.

आता दिनार. 1961 पर्यंत तिथे रुपयाच चालायचा, शेवटी शेवटी रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेल्या वेगळ्या नोटांचा. तेव्हा गोव्यात मात्र पोर्तुगीज एस्कुदो! दिनार आला तेव्हा तो एका पौंडाबरोबर ठेवला, म्हणजे तेरा रुपये आणि वर थोडं. आज तो अडीचशेच्याही पुढे आहे. या आकड्याला भुलू नका. खोलीभाडं, जेवण आणि इकाम्याचा, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचा, खर्च कोण करणार ते कागदावर आहे का बघा, ते वजा करा, आणि उरेल त्यालाच रुपयाने गुणा.

इंडेम्निटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हिशेब ऑफर घेतानाच मांडा. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 15 दिवसांचा पगार, पुढे वर्षाला एक महिना, एकूण जास्तीत जास्त दीड वर्षाचा. स्वतःहून राजीनामा दिलात तर तीन वर्षांच्या आत काहीच नाही, पाच वर्षांपर्यंत अर्धी, दहापर्यंत दोन तृतीयांश. दोन वर्षांत परत येतो म्हणणाऱ्या पोरांना हे कोणताही एजंट सांगत नाही.

कागदांच्या दोन प्रती गावच्या घरी ठेवा. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा शिरल्या, पुढे लाखाच्या वर भारतीय अम्मानमार्गे विमानाने परतले. नंतर संयुक्त राष्ट्रांकडे भरपाई मागताना आपण तिथे होतो आणि तिथून निघालो, याचा पुरावा द्यावा लागला. कॉन्ट्रॅक्ट, सिव्हिल आयडी (तिथलं सरकारी ओळखपत्र), पगाराच्या बँक नोंदी, एवढं तरी आईच्या कपाटात असू द्या. आणि एजंटचं नाव ई-मायग्रेटच्या, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या आपल्या सरकारी संकेतस्थळाच्या, यादीत सापडलं नाही, तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊच नका.