कोंबडीच्या घशात घरघर: गोळी देण्याआधी काय पाहाल?

डिसेंबरात सातपुड्याकडून गार वारं सुटलं की खानदेशात घरोघरी खुराड्यांना पोती बांधतात, वरून प्लास्टिक पांघरतात. पंधरा दिवसांत शेजारची आजी सांगत येते, "कोंबडीले सर्दी व्हयनी." तोवर कुणीतरी मेडिकलमधून माणसाची गोळी आणून, चुरून, पाण्यात कालवलेलीही असते. त्या गोळीआधी अर्धा तास थांबा, एवढीच माझी विनंती आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या या "सर्दी"मागे सात-आठ वेगवेगळी कारणं असतात. काहींवर औषध चालतं, काहींवर अजिबात नाही, आणि एकदोन अशी की कोंबडीला हातही लावू नये.

आधी ऐका, मग पाहा

दिवसा कोंबडी दुखणं लपवते, म्हणून रात्री जा. सगळ्या दांडीवर बसून निवल्या की टॉर्च न लावता खुराड्याजवळ पाच मिनिटं उभं राहा. निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही. ओला घर्र-घर्र आवाज, मधूनच शिंक किंवा चीं असा बारीक सूर आला, तर तो कुठल्या कोपऱ्यातून येतोय ते हेरून ठेवा. एकीचाच आहे की पाच-सहा जणींचा, हेही मोजा.

मग टॉर्च लावून एकेक कोंबडी हातात घ्या. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आहे का? नाकपुडीला दाणे-माती चिकटली आहे का? डोळ्याखालचा भाग फुगलाय का? चोचीजवळ वास घ्या. चोच हळूच उघडून जिभेमागे पाहा. शेवटी खुराड्यातली शिट बघा. हिरवी, पातळ शिट दिसली तर ते साध्या सर्दीचं लक्षण नाही.

स्वतः खाली उकिडवे बसा आणि कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्या. तुमच्याच डोळ्यांना झोंबलं तर निम्मं निदान तिथेच झालं. ओल्या शिटेतून निघणारा अमोनिया पोती-प्लास्टिकमुळे आत कोंडतो, श्वासनळीचं अस्तर जाळतो आणि जंतूंना वाट मोकळी होते. आपण थंडीपासून वाचवायला गेलो आणि हवा बंद केली. पोती खालच्या बाजूने बांधा, पण छपराखाली वीतभर फट उघडी ठेवा. खुराड्यात अंथरलेली तुसाची गादी कोरडी करा. थंडी कोंबडी पिसं फुगवून सोसते, कोंडलेली हवा तिला सोसत नाही.

लक्षणांवरून अंदाज

घरघर, डोळ्यात फेस, खाणं जरा कमी, आणि आजार आठवडा-आठवडा रेंगाळत एकीकडून दुसरीकडे जातोय: बहुधा सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होणारा, रेंगाळणारा श्वसनरोग. हा जंतू अंड्यातून पिल्लातही उतरतो. त्याला पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीची भिंत) नसते आणि पेनिसिलिनचा मारा तर तिथेच असतो, म्हणून ते इथे वाया जातं. पशुवैद्यक टायलोसिन किंवा डॉक्सीसायक्लिन देतात. लक्षणं जातात, पण बरी झालेली कोंबडीही जंतू बाळगून असते.

दोन-तीन दिवसांत तोंड सुजलं, डोळा मिटला आणि चोचीजवळ कुजका वास आला तर कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. माझ्याकडे तो आठवडे बाजारातून आला होता. धष्टपुष्ट दिसल्या म्हणून दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) घेतल्या आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जुन्या लाल कोंबडीचा उजवा डोळा सुजून पेरूएवढा झाला होता, ती मान तिरकी करून डाव्या डोळ्याने दाणे शोधत होती. ती वाचली, पण तीन जणी गेल्या. तेव्हापासून नवी कोंबडी 21 दिवस वेगळ्या डालग्यात, तिच्याकडचा वारा बाकीच्यांकडे जाणार नाही अशा बाजूला राहते. दाणा-पाणीही तिला शेवटी देतो.

अचानक शिंका, अंडी घटलेली, कवच सुरकुतलेलं आणि अंड्यातलं पांढरं पाण्यासारखं पातळ: संसर्गजन्य ब्राँकायटिस. हा विषाणू आहे. जिभेमागे पिवळट खपली आणि तुऱ्यावर फोड: देवी. मान ताणून सारखी जांभई दिल्यासारखी चोच उघडते: श्वासनळीतला जंत असू शकतो, गांडुळं खाणाऱ्या मोकाट पिल्लांत विशेष. बुरशी आलेल्या तुसावर ठेवलेली लहान पिल्लं धापा टाकत मरतात, त्यावर इलाज नाही. तूस बदलणं एवढंच.

एक गोष्ट आजारात धरू नका. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा सगळ्याच कोंबड्या चोच उघडून, पंख फाकवून धापतात. कोंबडीला घाम येत नाही. घरघर नसेल आणि संध्याकाळी ते आपोआप थांबत असेल तर सावली आणि गार पाणी द्या, औषध नको.

इथे हात लावू नका

श्वासाच्या त्रासासोबत हिरवी हगवण, मान वळणं, पाय-पंख लुळे पडणं दिसलं तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. एका रात्रीत अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर बर्ड फ्लूची शंका घ्या. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नवापुरात (जि. नंदुरबार) झाला होता आणि 2021 मध्ये तिथे तो पुन्हा आला, म्हणून खानदेशात ही शंका कधीच लांबची समजू नये. मेलेली कोंबडी सोलू नका, कुत्र्याला टाकू नका, उरलेल्या बाजारात विकू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनवर कळवा. नमुना कसा न्यायचा ते तेच सांगतील.

उपचार कसे करावेत

आजारी कोंबडी त्याच रात्री वेगळी करा, कोरड्या, उबदार, पण हवेशीर जागी. निरोगी कोंबड्यांचं काम आधी उरका, आजारीचं शेवटी, आणि हात साबणाने धुवा.

डोळा चिकटला असेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून कापसाने पुसा. सुजेमुळे दिसत नसेल तर ती उपाशी राहते, म्हणून भांडं तिच्या चोचीपुढे सरकवा. भिजवलेली बाजरी, थोडं गूळपाणी द्या. काढा किंवा तेल घशात ओतू नका: श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं, तिथे गेलेला थेंब फुप्फुसात उतरतो.

औषध पशुवैद्यकाने सांगितलं तेवढंच आणि तितके दिवस. ते रोज नव्या पाण्यात मिसळा आणि अंगणातली बाकीची पाण्याची भांडी उचलून ठेवा, नाहीतर कोंबडी कडू पाणी टाळून नांदीवर जाते. अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. कोलिस्टिन हे प्रतिजैविक कुणी दिलं तर घेऊ नका. 2019 पासून खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी आहे.

लस

विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, पण मानमोडीवर लस आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात आरटूबी या लसीचं इंजेक्शन. आजारी कोंबडीला लस देऊ नका. लसीनंतर दोन-चार दिवस हलक्या शिंका आल्या तर घाबरू नका.

लशीची कुपी बहुधा शंभर कोंबड्यांची असते आणि आपल्याकडे असतात बारा. म्हणून एकट्याने आणू नका. गल्लीतल्या, पाड्यावरच्या सगळ्यांनी एक संध्याकाळ ठरवा, एकाने थर्मासमध्ये बर्फ भरून तालुक्याहून कुपी आणायची, सगळ्यांनी कोंबड्या आधीच डालून ठेवायच्या. कुपी फोडली की दोन तासांत संपवायची असते. मे महिन्यात तर थर्मासचं झाकणही उगाच उघडू नका.