कादंबरीतली मुंबई कॅमेऱ्यात कशी पकडावी

आवडत्या कादंबरीमालेतल्या जागा आपल्याच शहरात असाव्यात आणि लोकलचं तिकीट काढून तिथे जाता यावं, हे वाचक म्हणून मुंबईकराचं मोठं भाग्य आहे. पण अशा जागांचे फोटो बघितले की बहुतेक वेळा निराशा होते. राजाबाई टॉवर, सीएसएमटी, गेटवे सगळं स्वच्छ, सरळ आणि चकचकीत असतं, कादंबरी मात्र त्यात सापडत नाही. कादंबरीतलं पात्र कुठून तरी येत असतं, कुणाची तरी वाट बघत असतं, पावसात आडोसा शोधत असतं. इमारत त्याच्या नजरेच्या कडेला असते. म्हणून माझा आग्रह असा की फोटो वाक्याचा काढायचा. वाक्य जिथे उभं आहे तिथे आपण उभं राहायचं.

उदाहरणासाठी सुजाता मॅसी यांची पर्वीन मिस्त्री ही इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांची माला घेते. १९२१ च्या मुंबईतली ही तरुण पारशी वकील दादरच्या पारशी कॉलनीत राहते आणि फोर्टमध्ये ब्रूस स्ट्रीटवरच्या वडिलांच्या ऑफिसात काम करते. तुमची आवडती माला गिरगावातली असो की गिरणगावातली, पद्धत हीच.

आधी पेन्सिल, मग कॅमेरा

पुस्तक पुन्हा वाचा, या वेळी फक्त जागांसाठी. जागेचा उल्लेख आला की समासात चार गोष्टी टिपा: पात्र कुठे उभं आहे, कुठे बघतंय, वेळ कोणती, ऋतू कोणता. पात्र कोर्टातून निघून पायी ऑफिस गाठतंय असं वाक्य असेल, तर तुमचा फोटो हायकोर्टाचा नाही. हायकोर्ट पाठीशी ठेवून पुढे दिसणाऱ्या रस्त्याचा आहे. एवढ्या एका फरकाने अर्धं काम होतं. मालेतल्या सगळ्या पुस्तकांची एकच वही ठेवा. तीच जागा पुढच्या भागात वेगळ्या वेळी आणि वेगळ्या मनःस्थितीत येते. असे दोन फोटो शेजारी ठेवले की मालेचा प्रवास दिसतो.

जुनी नावं सोडवा

मुंबईच्या रस्त्यांची नावं इतकी बदलली आहेत की जुन्या काळावरची कादंबरी घेऊन मोबाइलच्या नकाशावर शोधायला बसलात तर काहीच हाती लागत नाही. ब्रूस स्ट्रीट म्हणजे आजचा होमी मोदी स्ट्रीट. हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी रोड, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी रोड, एल्फिन्स्टन सर्कल म्हणजे हॉर्निमन सर्कल, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन रोड. उलटही होतं. डॉ. भडकमकर मार्ग विचारलात तर टॅक्सीवाला क्षणभर थांबेल, लॅमिंग्टन रोड म्हणालात की मीटर टाकेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळासाठी सॅम्युअल शेपर्ड यांचं मुंबईतल्या जागांच्या आणि रस्त्यांच्या नावांवरचं १९१७ चं इंग्रजी पुस्तक फार उपयोगी पडतं. त्याहून जुन्या शहराची चव मराठीतून हवी असेल तर गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं ‘मुंबईचे वर्णन’ वाचा. फोटो काढायला जायचं नसलं तरी वाचा, इतकं ते जिवंत आहे.

साल तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. कादंबरी ज्या वर्षात घडते त्या वर्षी शहरात काय उभं होतं आणि काय नव्हतं, याची यादी करा.

१९२१ साठी ती साधारण अशी होते. राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाची इमारत १८७८ ची, बोरीबंदरची, म्हणजे आजच्या सीएसएमटीची, इमारत १८८८ ची, ताज हॉटेल १९०३ चं, जीपीओ म्हणजे मुख्य टपाल कार्यालय १९१३ चं; हे सगळं पर्वीनने रोज बघितलेलं. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची घुमटवाली इमारत बांधून झाली होती, पण लोकांसाठी ती उघडली जानेवारी १९२२ मध्ये. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती तिसाच्या दशकातल्या, म्हणजे त्या चौकटीत येऊन चालणार नाही. लोकल विजेवर धावायला लागली ३ फेब्रुवारी १९२५ ला, त्यामुळे रुळांवरच्या तारा तेव्हा नव्हत्या. ट्राम मात्र होत्या, थेट १९६४ पर्यंत.

आता होमी मोदी स्ट्रीटवर चला. तिथली सगळ्यात ओळखीची इमारत म्हणजे बॉम्बे हाऊस, टाटांचं मुख्यालय. आपसूक कॅमेरा तिकडेच वळतो. पण ते १९२४ चं आहे, पहिल्या पुस्तकातली पर्वीन या रस्त्यावरून ये-जा करते तेव्हा ते पुरं झालेलंच नव्हतं. मग त्याच्याकडे पाठ करा आणि समोरच्या जुन्या इमारतींचे दरवाजे बघा: दगडी चौकट, लाकडी जिन्याची झिजलेली पहिली पायरी, वरच्या मजल्याच्या लोखंडी कठड्यावरची नक्षी. अशा एखाद्या दरवाजाचा जवळून घेतलेला फोटो अख्ख्या रस्त्याच्या फोटोपेक्षा जास्त बोलतो.

गेटवेचंही तसंच. मालेतलं तिसरं पुस्तक प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे ब्रिटनच्या युवराजाच्या, मुंबई भेटीभोवती रचलेलं आहे. तो १७ नोव्हेंबर १९२१ ला अपोलो बंदरावर उतरला. गेटवेची पायाभरणी १९१३ ची, उद्‌घाटन डिसेंबर १९२४ चं. म्हणजे त्या दिवशी तिथे अर्धवट बांधकाम होतं. कमान चौकटीबाहेर ठेवा. कठड्याजवळून समुद्र घ्या, किंवा मागे वळून ताज घ्या.

काल्पनिक जागांचं काय करायचं

त्याच पुस्तकातलं वुडबर्न कॉलेज मुंबईच्या नकाशावर शोधू नका, ते लेखिकेने रचलेलं आहे. अशा वेळी त्या काळातली, त्याच प्रकारची खरी वास्तू निवडा. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज किंवा काळा घोड्याजवळची एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत १९२१ च्या कॉलेजची कल्पना छान देते. फक्त फोटोखाली तसं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढचा वाचक तिलाच खरी जागा समजून चालतो.

उजेड

दक्षिण मुंबईत दिशा समजल्या की उजेड समजतो. बोरीबंदरचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, टाउन हॉलच्या पायऱ्याही हॉर्निमन सर्कलकडे म्हणजे पश्चिमेकडे उतरतात. दोन्हींसाठी दुपारी चारनंतर जा. ताजचं तोंड समुद्राकडे, तिथे सकाळ हवी. ओव्हल मैदानावर उतरत्या उन्हात पश्चिम कडेला उभे राहा: राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाचा दगड सोनेरी होतो, आणि काळात न बसणाऱ्या आर्ट डेको इमारती आपसूक तुमच्या पाठीमागे राहतात.

फोर्टमधल्या अरुंद गल्ल्यांना हा नियम लागू नाही. उत्तर-दक्षिण गल्लीत ऊन खाली उतरतं ते भर दुपारी, तेही थोडा वेळ. सगळीकडे एकसारखी सावली हवी असेल तर पावसाळ्यातला ढगाळ दिवस उत्तम. ओला काळा दगड गडद दिसतो आणि रस्त्यावरच्या पाण्यात इमारत उतरते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि लेन्स पुसायला सुती रुमाल जवळ असू द्या. गर्दी नको असेल तर रविवारची सकाळ गाठा, फोर्टात तेव्हा गाड्या आणि फेरीवाले दोन्ही कमी असतात.

फोटो घेताना

मोबाइल पुरतो. पडद्यावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी (ग्रिड) चालू करा आणि फोन वर न झुकवता सरळ धरा, नाहीतर इमारती मागे कलल्यासारख्या दिसतात. वाइड लेन्सचा मोह टाळून चार पावलं मागे जा. फोटो डोळ्यांच्या उंचीवरून घ्या, कारण पात्रही तिथूनच बघतं. आजच्या केबल, फलक, उभ्या दुचाकी संगणकावर पुसू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्या नको असतील तर कोन बदला.

माणसं आणि परवानग्या

चाळ, वाडी, कॉलनी ही लोकांची घरं आहेत. खोताच्या वाडीत किंवा पारशी कॉलनीत रस्त्यावरून इमारत घ्या, खिडकीच्या आत लेन्स रोखू नका. चाळीत शिरायचं असेल तर आधी ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचारा: “काका, पुस्तकात या चाळीचं वर्णन आहे, जिन्याचा फोटो काढू का?” पुस्तकाचं नाव काढलं की बहुतेकदा चेहरा खुलतो आणि चाळीचा इतिहासही ऐकायला मिळतो. नाही म्हणाले तर नमस्कार करून निघा. लहान मुलांचे चेहरे घरच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

अग्यारीत आणि डुंगरवाडीत, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागेत, पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. तिथे दाराशी घुटमळूही नका. नौदलाच्या गोदीचा परिसर आणि हायकोर्टाचं आवार कॅमेऱ्यासाठी वर्ज्य समजा. रेल्वे स्टेशनात ट्रायपॉड लावून शूटिंग करायचं तर आधी परवानगी काढा. ड्रोनचा विचारच नको. मलबार हिलवर बंगल्यांच्या फाटकांवर पहारा असतो, त्यापेक्षा कमला नेहरू पार्कवरून खाली चौपाटीकडे बघा.

मांडणी

फोटो कथेच्या क्रमाने लावा, भले त्यासाठी फोर्टातून दादरला आणि पुन्हा फोर्टात उडी मारावी लागो. प्रत्येकाखाली पुस्तकाचा भाग, प्रकरण, जागेचं जुनं आणि आजचं नाव, फोटोची तारीख आणि तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून उभे होता ते लिहा. माला पर्वीनसारखी रहस्याची असेल तर गुन्हा जिथे उलगडतो ती जागा फोटोखालच्या ओळींमध्ये उघड करू नका. तो फोटो वेगळा ठेवा आणि वर लिहा: पुस्तक संपवलेल्यांसाठी.